अमळनेरच्या तुपापासून सरकारी शाळेपर्यंत : अझीम प्रेमजी आणि आपला एक जुना प्रश्न

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत जकातीचे हिशेब सुरू झाले, की व्हॉट्सअ‍ॅपवर अझीम प्रेमजी हमखास येतात. फोटो तोच, पांढऱ्या केसांचा. मजकूरही साधारण तोच : हा माणूस दिवसाला बावीस कोटी दान करतो. (हा आकडा २०२० च्या एका यादीतला आहे. त्या आर्थिक वर्षात त्यांच्या देणग्या ७,९०४ कोटी रुपये मोजल्या गेल्या, त्याला ३६५ ने भागून कुणीतरी तो तयार केला.) मजकुराखाली दोन प्रकारची उत्तरं येतात. पहिलं, माशाअल्लाह. दुसरं थोडं उशिरा येतं : "सब ठीक है, लेकिन कौम के लिए क्या किया?"

आमच्या बेव्हर्ली पार्कमध्ये हा दुसरा प्रश्न मी जिन्यात, लिफ्टमध्ये, पालकसभेनंतर अनेकदा ऐकला आहे. विचारणाऱ्यांत मालाड-गोरेगावच्या आयटी कंपन्यांमध्ये रोज लोकलने जाणारी शिकलेली मुलंही असतात. प्रश्न चुकीचा आहे असं म्हणून मी तो झटकणार नाही. पण त्याचं उत्तर द्यायचं तर हा माणूस कुठून आला, पैसा कुठे मिळाला आणि तो नेमका कुठे गेला, हे आधी नीट पाहिलं पाहिजे. आणि ती गोष्ट बंगळुरूला सुरू होत नाही. ती आपल्या खान्देशात, अमळनेरला सुरू होते.

माझं आजोळ पारोळ्याचं. अमळनेर तिथून अगदी जवळ. नानांच्या घरात धान्य साठवायला वनस्पती तुपाचे चौकोनी पत्र्याचे डबे होते. नानी त्या सगळ्यांना "डालडाचे डबे" म्हणायची. वास्तविक डालडा हे लिव्हर कंपनीच्या मालाचं नाव, पण लोकांच्या तोंडी कुठलंही वनस्पती तूप म्हणजे डालडाच. त्यातले काही डबे अमळनेरच्या कारखान्याचे होते. मामू गमतीने म्हणतात, गावातल्या शहाण्यांनी त्या कंपनीचे शेअर घेतले आणि आपल्या अब्बांनी रिकामे डबे घेतले!

कारखान्याचं नाव होतं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड. २९ डिसेंबर १९४५ रोजी कंपनीची नोंदणी झाली. संस्थापक महंमद हाशम प्रेमजी हे मुंबईचे तांदळाचे मोठे व्यापारी, मूळ कच्छकडच्या खोजा घराण्यातले. खान्देशात शेंगदाणा पिकत होता, ताप्ती खोऱ्याची रेल्वे अमळनेरवरून सुरत-भुसावळ अशी जात होती, त्यामुळे तेलाचा कारखाना इथे काढणं व्यवहाराला धरून होतं. तेल, वनस्पती तूप आणि तेलाच्या जोडउत्पादनातून कपडे धुण्याचा साबण, एवढाच माल. त्या साबणाचं नाव होतं ७८७. त्याच वर्षी, २४ जुलै १९४५ ला, मुंबईत हाशम प्रेमजींना मुलगा झाला होता. म्हणजे अझीम प्रेमजी आणि त्यांची कंपनी यांच्या वयात जेमतेम पाच महिन्यांचं अंतर आहे.

अमळनेर तेव्हा काही ओसाड खेडं नव्हतं. तिथे आधीच एक उद्योगपती दानशूर होऊन गेला होता आणि या लेखासाठी त्याला विसरता येणार नाही. प्रताप शेठ. त्यांची कापडगिरणी अमळनेरला होती. गिरणीच्या पैशातून त्यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. लहानशा तालुक्याच्या गावात तत्त्वज्ञानाची संस्था, तीही शिष्यवृत्ती देऊन विद्यार्थी बोलावणारी! साने गुरुजी आधी या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आले आणि मग १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांचे कपडे धुणारे, अंथरुणं आवरणारे, त्यांच्यासाठी 'विद्यार्थी' नावाचं मासिक चालवणारे. पुढे याच गुरुजींनी मराठीत प्रेषित मुहंमदांचं चरित्र लिहिलं, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं. अमळनेरचं प्रताप कॉलेज १९४५ मध्ये सुरू झालं, म्हणजे तेलाच्या कंपनीच्याच वर्षी. थोडक्यात, गिरणीचा पैसा शाळेत घालणं ही गोष्ट अमळनेरने प्रेमजींच्या आधी एक पिढी पाहिलेली होती.

आता फाळणी. हाशम प्रेमजींना जिनांनी पाकिस्तानात येण्याचं आमंत्रण दिलं आणि त्यांनी ते नाकारलं, ही गोष्ट अझीम प्रेमजींच्या प्रत्येक चरित्रलेखात असते. जिना स्वतः खोजा, दोघेही मुंबईच्या व्यापारी वर्तुळातले, त्यामुळे आमंत्रणात नवल नाही. मुंबईच्या मुस्लिम व्यापाऱ्यांतले बरेच जण खरोखर गेले. हबीब बँक १९४१ मध्ये मुंबईत सुरू झाली होती, ती १९४७ मध्ये कराचीला गेली. हाशम प्रेमजी राहिले. त्यांचं घर इथे होतं, कारखाना इथे होता, शेअर घेतलेले लोक इथे होते.

हा प्रसंग आज ज्या रीतीने सांगितला जातो ती मला खटकते. जणू राहणं हे एक प्रमाणपत्र आहे आणि प्रेमजींनी ते वडिलांकडून वारशाने मिळवलं. माझे नानाही राहिले. त्यांना कुणी आमंत्रण दिलं नव्हतं आणि त्यांनी ते बाणेदारपणे नाकारलंही नव्हतं. पारोळ्यात दुकान होतं, उधारी वसूल व्हायची होती, कबरस्तानात आईवडील होते. कोट्यवधी लोक असेच राहिले. राहण्याचा खुलासा श्रीमंतांकडून कौतुकाने मागायचा आणि गरिबांकडून संशयाने, हे आपण कधी थांबवणार?

असो. ऑगस्ट १९६६ मध्ये हाशम प्रेमजी अचानक वारले. अझीम तेव्हा अमेरिकेत स्टॅनफर्डला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकत होते, वय २१. शिक्षण अर्धवट टाकून परत आले. कंपनीच्या वार्षिक सभेत एका भागधारकाने त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं, की हे तुमच्या आवाक्यातलं काम नाही, आपले शेअर जाणत्या माणसाला विकून मोकळे व्हा. ही आठवण प्रेमजींनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. स्टॅनफर्डची राहिलेली पदवी त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळानंतर पूर्ण केली. तोवर ते देशातले सर्वांत श्रीमंत माणूस झाले होते, पदवीवाचून काही अडलेलं नव्हतं. तरी केली. शिक्षिका म्हणून मला त्यांच्या चरित्रातली ही बाब विमानाच्या स्वस्त तिकिटाच्या आणि जुन्या गाडीच्या गोष्टींपेक्षा अधिक आवडते. त्या काटकसरीच्या गोष्टी पुरेशा फिरल्या आहेत, मी इथे सांगत नाही.

तूप विकणारी कंपनी संगणकाकडे कशी गेली? टप्प्याटप्प्याने. सत्तरच्या दशकाच्या मध्यात हायड्रॉलिक सिलिंडर बनवायला सुरुवात झाली. १९७७ मध्ये नावातली भाजी गळाली आणि वेस्टर्न इंडिया प्रॉडक्ट्सची अक्षरं जुळवून 'विप्रो' आलं. नेमकी त्याच सुमारास एक मोठी घटना घडली. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. परकीय कंपन्यांनी भारतातल्या शाखेतला आपला हिस्सा कमी करावा, असा कायदा होता. आयबीएमने ते मानलं नाही आणि १९७८ मध्ये भारतातून गाशा गुंडाळला. बँका, गिरण्या, सरकारी कचेऱ्या यांना संगणक कोण देणार, ही जागा रिकामी झाली. ती भरायला जे भारतीय पुढे आले, त्यांत अमळनेरची ही तेलाची कंपनी होती. १९८० नंतर बंगळुरूत इंजिनिअर गोळा करून विप्रोने आपला मिनी कॉम्प्युटर बाजारात आणला. १९९१ नंतर आयातीची दारं उघडली, परदेशी संगणक स्वस्तात आले, तेव्हा विप्रोने परदेशी कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्यावर जोर दिला. ऑक्टोबर २००० मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली.

अमळनेरला याचा जो परिणाम झाला तो वर्तमानपत्रांनी पुष्कळ रंगवला आहे. ज्या दुकानदारांनी, शेतकऱ्यांनी, कारखान्यातल्या कामगारांनी जुने शेअर न विकता ठेवले, त्यांना बोनसवर बोनस मिळत गेले आणि काही घरांत पिढ्यांची सोय झाली. मुलगी झाली की तिच्या नावाने विप्रोचे शेअर घेऊन ठेवायची पद्धत तिथे पडल्याचं मी नातेवाइकांकडून ऐकलं आहे. आमच्या घरी डबेच होते, ते सांगितलंच.

एक डाग आहे, तोही नोंदवते. २००० च्या त्या अमेरिकन शेअरविक्रीत जागतिक बँकेच्या कर्मचाऱ्यांना शेअर देऊ केल्याच्या कारणावरून बँकेने विप्रोला चार वर्षं आपल्या थेट कंत्राटांसाठी अपात्र ठरवलं होतं. ही बातमी २००९ मध्ये बाहेर आली. प्रामाणिकपणा हे ज्या कंपनीने आपलं ब्रीद सांगितलं तिच्या इतिहासात हे आहे. फॉरवर्ड मेसेजमध्ये ते नसतं.

दानाकडे येऊ. प्रेमजी स्वतः याचं मूळ आईकडे नेतात. डॉ. गुलबानू प्रेमजी शिकलेल्या डॉक्टर होत्या. मुंबईत हाजी अलीजवळ पोलिओ आणि सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांचं हॉस्पिटल उभं करण्यात आणि चालवण्यात त्यांनी अनेक दशकं घातली. त्यासाठी पैसे मागत त्या फिरत. श्रीमंत घरातली बाई दुसऱ्यांच्या मुलांसाठी सरकारदरबारी खेटे घालते, हे मुलाने लहानपणापासून पाहिलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये 'गिव्हिंग प्लेज' या जागतिक प्रतिज्ञेवर सही करणारे प्रेमजी पहिले भारतीय ठरले. त्या वेळच्या पत्रात त्यांनी आईचा आणि गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेचा उल्लेख केला आहे.

अझीम प्रेमजी फाउंडेशनची सुरुवात २००१ ची. डिसेंबर २०१० मध्ये त्यांनी सुमारे ८,८४६ कोटी रुपयांचे शेअर फाउंडेशनला दिले. मग २०१३ मध्ये आणखी. मार्च २०१९ मध्ये विप्रोचे आणखी ३४ टक्के, किंमत ५२,७५० कोटी. सगळं मिळून विप्रोच्या ६७ टक्के शेअरांचं उत्पन्न फाउंडेशनकडे गेलं, त्या दिवशीच्या भावाने जवळपास १ लाख ४५ हजार कोटी रुपये.

ही व्यवस्था नीट पाहिली तर आपल्याला ओळखीची वाटेल. पैसे वाटून टाकलेले नाहीत. शेअर, म्हणजे मूळ मत्ता, एका बाजूला बांधून ठेवली आहे, आणि तिचं येणारं उत्पन्न (लाभांश, शेअर विकून येणारा पैसा) ठरवलेल्या कामालाच वापरायचं आहे. मूळ ठेवायचं, फळ द्यायचं. आपल्याकडे हजरत उमर यांच्या खैबरच्या जमिनीपासून याला जे नाव आहे ते सगळ्यांना माहीत आहे. प्रेमजींनी तो शब्द कधी वापरल्याचं माझ्या वाचनात नाही, त्यांनी गांधींचा शब्द वापरला. कायदाही अर्थात वेगळा आहे. पण वक्फवर सध्या जेवढा आरडाओरडा चालतो, त्यात ही कल्पना मुळात काय होती हे समजावून सांगायला मला वर्गात विप्रोचं उदाहरण सगळ्यांत सोपं पडतं.

मग हा पैसा गेला कुठे? इथे मला या माणसाच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिसते. ती आकड्यात नाही.

संगणकावर श्रीमंत झालेला माणूस शिक्षणात उतरला तर पहिलं काय करेल? शाळेत संगणक देईल. फाउंडेशननेही तेच केलं. पहिल्या वर्षांत कर्नाटकातल्या आणि इतर राज्यांतल्या सरकारी शाळांत संगणक केंद्रं, अनेक भारतीय भाषांत धडे असलेल्या सीडी. बारा-पंधरा वर्षांपूर्वी शिक्षक असलेल्या कुणालाही हे चित्र आठवेल. मी तेव्हा ज्या शाळेत होते तिथेही संगणकखोली होती (कुणी दिली ते महत्त्वाचं नाही). खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, संगणकांवर प्लॅस्टिकची आवरणं, आणि तपासणीच्या दिवशी मुलांना चपला बाहेर काढायला लावून आत रांगेने बसवायचं. इमानदारीने सांगते, मुलांना मजा यायची. वाचता न येणाऱ्या मुलाला त्यातून वाचता मात्र आलं नाही.

फाउंडेशनलाही काही वर्षांत हेच दिसलं. फरक एवढा, की त्यांनी ते झाकलं नाही. फाउंडेशनचे प्रमुख अनुराग बेहार यांनी २०१० च्या सुमारास वर्तमानपत्रात उघड लिहिलं, की आमचा संगणकावरचा अनुभव पाहता शिकण्यातल्या मूळ अडचणी तंत्रज्ञानाने सुटत नाहीत. देशातल्या सर्वांत मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांपैकी एकीच्या पैशावर उभी असलेली संस्था हे म्हणत होती! त्या काळात जगभर "प्रत्येक मुलाला लॅपटॉप" हे वारं होतं. आपल्याकडे पुढे टॅबलेट आले, मग करोनात मोबाइल अ‍ॅप आले. अ‍ॅपवाल्या शिक्षण कंपन्यांचे विक्रेते आमच्या मीरा रोडला घरोघरी फिरत होते. रिक्षा चालवणाऱ्या बापांनी हप्त्यावर टॅबलेट घेतले. त्यातल्या काही हप्त्यांची वसुली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

त्याच पैशाने फाउंडेशनने उलटा रस्ता धरला : शिक्षक. २०१० मध्ये कर्नाटक विधिमंडळाच्या कायद्याने अझीम प्रेमजी विद्यापीठ स्थापन झालं, आणि त्याच्या पहिल्या अभ्यासक्रमांत इंजिनिअरिंग नव्हतं, एमए एज्युकेशन होतं. (आता भोपाळलाही आवार आहे.) राजस्थान, छत्तीसगढ, उत्तराखंड, मध्य प्रदेश, ईशान्य कर्नाटक यांतल्या मागास जिल्ह्यांत त्यांची माणसं वर्षानुवर्षं राहून सरकारी शिक्षकांबरोबर काम करतात. सिरोही, टोंक, बाडमेर, उत्तरकाशी, धमतरी, यादगीर. तिथे सरकारी शाळा दत्तक घेतलेल्या नाहीत, सरकारी शिक्षकाला बाजूला सारून कंत्राटी तरुण बसवलेले नाहीत. शिक्षकाला पुस्तकं, सोबत आणि वेळ दिला आहे. त्यांच्या स्वतःच्या थोड्या शाळाही आहेत, फी न घेणाऱ्या, आणि त्यांत मुद्दाम सरकारी शाळेसारखीच परिस्थिती ठेवली आहे, म्हणजे "तुमच्याकडे पैसा आहे म्हणून जमतं" असं कुणी म्हणू नये.

मी बीएड केलेली शिक्षिका आहे. शिक्षक बिघडलेत, त्यांना काही येत नाही, त्यांच्या जागी स्क्रीन लावा, असं मी आयुष्यभर ऐकत आले. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे हे सगळं करून उरलेल्या वेळात शिकवायचं, आणि निकाल लागला नाही की गुन्हेगार आपणच. अशा काळात देशातला सर्वांत मोठा खासगी दानाचा पैसा "शिक्षकावर भरवसा ठेवा" या बाजूला लागला, याचं मोल मला त्या बावीस कोटींच्या आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

आता तो प्रश्न. कौमसाठी काय केलं?

प्रेमजींनी मुस्लिम नेता होण्याचं कायम टाळलं आहे. २००७ मध्ये एका मोठ्या अमेरिकन वर्तमानपत्राने हिंदू भारतात यशस्वी झालेला मुस्लिम अब्जाधीश अशा थाटात त्यांच्यावर लेख छापला. मुलाखतींत ते स्वतःला त्या चौकटीत बसवू देत नाहीत. त्यांची संस्था कुणा एका धर्माच्या मुलांसाठी वेगळं काही चालवत नाही. आपल्यातल्या अनेकांना हे लागतं. मुंबईच्या मुस्लिम धनिकांची परंपरा वेगळी होती. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम काढली, हाजी साबू सिद्दीक यांच्या नावाने भायखळ्याला १९३६ मध्ये तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. त्यांच्यामुळे किती घरांत पहिला इंजिनिअर, पहिली ग्रॅज्युएट मुलगी आली! मी स्वतः अशाच संस्थांच्या सावलीत शिकलेल्या शिक्षकांकडे शिकले. त्या परंपरेची गरज संपलेली नाही.

पण नोव्हेंबर २००६ चा सच्चर समितीचा अहवाल काढून बघा. मुस्लिम मुलं मदरशात जातात हा सर्वसाधारण समज, आणि प्रत्यक्षात शाळेच्या वयाच्या मुलांपैकी मदरशात जाणारी निघाली तीन-चार टक्के. बाकीची गावच्या, गल्लीच्या साध्या शाळेत. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या. किंवा कुठेच नाही. टोंक जिल्ह्यातल्या सरकारी शाळेतला शिक्षक बरा शिकवायला लागला तर वर्गात बसलेल्या विडी कामगाराच्या मुलीचं नाव काय आहे हे फाउंडेशनने विचारलेलं नसतं, पण फायदा तिला मिळतोच. ज्या समाजाची मुलं सरकारी शाळेवर जास्त अवलंबून आहेत, त्या समाजासाठी सरकारी शाळा सुधारणं हे कौमचंच काम आहे. आपण मात्र देणगी मागायला जातो तेव्हा आपल्या स्वतंत्र इमारतीसाठी जातो. महापालिकेच्या उर्दू शाळेच्या ग्रंथालयासाठी मोहल्ल्यात वर्गणी निघालेली मी अजून पाहिलेली नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो प्रेमजींवर कमी, आपल्या सरकारांवर जास्त आहे. २०२४ मध्ये फाउंडेशनने कर्नाटक सरकारशी करार केला : तीन वर्षं, सुमारे १,५०० कोटी रुपये, शाळेतल्या मुलांना आठवड्याचे सहाही दिवस अंडं. सरकार आधी दोनच दिवस देत होतं. आपल्या महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं द्यायचं ठरलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी बंद करून शाळांना सांगितलं, हवं तर लोकवर्गणीतून द्या. अमळनेरला जन्मलेल्या कंपनीच्या पैशाने यादगीरचं पोर अंडं खातं, चांगली गोष्ट आहे. पण मुलाच्या ताटातलं अंडं एखाद्या दानशूराच्या मर्जीवर का अवलंबून असावं? तीन वर्षांनंतर काय?

शिष्यवृत्तीचंही तेच. २०२२ च्या अखेरीस केंद्र सरकारने अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद केली. कारण दिलं, की आठवीपर्यंत शिक्षण कायद्यानेच मोफत आहे. रक्कम लहान होती, पण तिचे फॉर्म मी वर्षानुवर्षं भरलेत. त्या पैशातून वह्या, दप्तर, कधी चष्मा येत असे. आता फाउंडेशन सरकारी शाळांतून दहावी-बारावी झालेल्या मुलींना पदवी होईपर्यंत वर्षाला ३० हजार रुपये देतं. २०२५ मध्ये १८ राज्यांत मिळून अडीच लाख मुलींना देण्याचं त्यांनी जाहीर केलं. धर्माची अट नाही, टक्केवारीची शर्यत नाही. मुलीने कॉलेजात प्रवेश घेतलेला असावा, एवढंच. ऐकून आमच्या इमारतीतले एक गृहस्थ कागदपत्रं घेऊन माझ्याकडे आले होते, मुलगी बारावी झालेली. यादीत महाराष्ट्र नाही, हे त्यांना सांगावं लागलं. ज्या जिल्ह्यांत फाउंडेशनची स्वतःची माणसं राहून काम करतात, त्यांतही महाराष्ट्रातला जिल्हा नाही. इथे ते मुख्यतः इतर संस्थांना निधी देतात. महाराष्ट्र श्रीमंत राज्य आहे, इतरांना गरज जास्त आहे, हे त्यामागचं गणित असणार. अमळनेरच्या लोकांनी यावर काय म्हणावं?

जुलै २०१९ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी प्रेमजी विप्रोच्या कार्यकारी अध्यक्षपदावरून उतरले आणि मुलगा रिशाद त्या जागी आला. त्यानंतरचा त्यांचा वेळ फाउंडेशनला आहे.

राजस्थानात आणि उत्तराखंडात फाउंडेशनने शिक्षकांसाठी केंद्रं उघडली आहेत. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी शिक्षक तिथे येतात. येणं सक्तीचं नसतं, भत्ता मिळत नाही, हजेरी वर कुठे जात नाही. एका प्रश्नावर बसून बोलायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात करून बघायचं. त्यांच्याबद्दल वाचून आम्ही मीरा रोडच्या पाच-सहा उर्दू-मराठी शिक्षिकांनी महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, एकीच्या घरी बसायला सुरुवात केली आहे. यासाठी पैसा लागत नाही, चहा लागतो. मागच्या वेळी विषय होता 'ळ'. उर्दूत हा आवाज नाही, त्यामुळे आमची मुलं तो 'ल' लिहितात आणि परीक्षेत गुण जातात. रागावून उपयोग नाही, कारण त्यांना फरक ऐकूच येत नाही. एकीने कल्पना काढली, की आधी लिहायला लावायचंच नाही, नुसतं ऐकवायचं : गाल-गाळ, वेल-वेळ, कल-कळ. मुलांनी फक्त हात वर करून सांगायचं, कुठला आवाज आला. आठवडाभर करून पाहिलं. सातवीच्या वर्गात निम्म्यांना जमलं. बाकीचे अजून 'अमलनेर' लिहितात.